लाळ आणि मानसिक ताण : एका जैवसूचकाचे मोल आणि मर्यादा

माणसाच्या मनावर असलेला ताण त्याच्या शरीरातून मोजता येईल का, हा प्रश्न वैद्यक आणि मानसशास्त्र या दोन्ही शास्त्रांना शतकभर पडलेला आहे. ताणाची रूढ मोजणी प्रश्नावलीच्या आधाराने होते. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेली आणि आजही जगभर वापरली जाणारी प्रश्नावली गेल्या महिनाभरात आयुष्य आपल्या आवाक्याबाहेर गेल्यासारखे किती वेळा वाटले, अशा स्वरूपाचे प्रश्न विचारते आणि उत्तरांची गुणसंख्या काढते. अशी उत्तरे मोलाची असतात. पण स्मरण दगा देते, संकोच आड येतो, काहींना आपला ताण ओळखता येत नाही, तर तान्ह्या मुलांना तो सांगताच येत नाही. म्हणून जैवसूचकाचा, म्हणजे शरीरातील एखाद्या प्रक्रियेची वस्तुनिष्ठपणे मोजता येणारी खूण ठरेल अशा द्रव्याचा किंवा मापाचा, शोध सुरू झाला. रक्तातील संप्रेरके हा त्याचा पहिला मार्ग होता, परंतु सुई टोचणे हाच अनेकांसाठी ताणाचा प्रसंग असतो आणि दिवसातून सहा-सात वेळा घरच्या घरी रक्त काढणे शक्यही नसते. लाळ मात्र वेदनेशिवाय, वारंवार आणि प्रशिक्षित व्यक्तीच्या मदतीवाचून गोळा करता येते. या सोयीमुळे १९८० च्या दशकापासून ताणसंशोधनात लाळेने मध्यवर्ती जागा मिळवली. या लाळेतून नेमके काय कळते, किती खात्रीने कळते आणि काय कळत नाही, याचा हा आढावा आहे.

ताण म्हणजे शरीरात काय घडते

ताणाच्या शारीरिक अभ्यासाचा पाया दोन संशोधकांनी घातला. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या ग्रंथात भीती आणि क्रोध यांच्या वेळी शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी कसे सज्ज होते, हे दाखवले. तर हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकातील छोट्याशा टिपणात, थंडी, इजा, विषारी द्रव्ये अशा परस्परांहून भिन्न आघातांना उंदरांचे शरीर एकाच ठरावीक प्रकारे प्रतिसाद देते, असे मांडले. सेल्ये यांचा भर आघातावर होता. पुढे रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन यांनी १९८४ मध्ये असा विचार दृढ केला की एखादा प्रसंग ताणाचा ठरतो तो त्या प्रसंगामुळे एकट्याने नव्हे, तर व्यक्ती त्या प्रसंगाचा काय अर्थ लावते आणि त्याला तोंड देण्याचे बळ आपल्यात किती आहे असे मानते, यावरून. मानसिक ताण मोजण्यातील सगळी अडचण याच ठिकाणी आहे, कारण लाळेत उतरतो तो शरीराचा प्रतिसाद; प्रसंगाचा लावलेला अर्थ लाळेत उतरत नाही.

शरीराचा हा प्रतिसाद दोन वाटांनी जातो. पहिली वाट वेगवान आहे : अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे इच्छेवाचून चालणाऱ्या मज्जाव्यवस्थेचा धोक्याच्या वेळी पुढाकार घेणारा भाग, काही सेकंदांत कार्यरत होते, हृदयाचे ठोके वाढवते आणि अॅड्रिनॅलिन व नॉरअॅड्रिनॅलिन ही द्रव्ये रक्तात सोडायला लावते. दुसरी वाट संथ आहे : मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला, पिट्युटरीकडून रक्तावाटे मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना संदेश जातो आणि त्या ग्रंथींच्या बाह्यस्तरातून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. कॉर्टिसॉल रक्तातील साखर वाढवून ऊर्जा उपलब्ध करून देते, दाह आवरते आणि पुरेसे झाल्यावर मेंदूकडे परत जाऊन स्वतःच्याच निर्मितीला लगाम घालते. या दोन्ही वाटांच्या खुणा लाळेत सापडतात, पण वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या यंत्रणेने. त्यामुळे लाळेतील एका द्रव्याची दुसऱ्याच्या जागी वर्णी लावता येत नाही.

रक्तातून लाळेत

लाळ मुख्यतः तीन जोड्यांच्या ग्रंथींतून येते : कानांपुढील, जबड्याखालील आणि जिभेखालील. त्यांच्या जोडीला ओठ, गाल आणि टाळूच्या आतील अस्तरात शेकडो लहान ग्रंथी असतात. निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तिचा सुमारे ९९ टक्के भाग पाणी असतो. उरलेल्या एका टक्क्यात क्षार, विकरे, प्रतिपिंडे, चिकट प्रथिने आणि रक्तातून झिरपून आलेली संप्रेरके असतात.

रक्तातील कॉर्टिसॉलपैकी ९० टक्क्यांहून अधिक भाग वाहक प्रथिनांना चिकटलेला असतो आणि तेवढ्यापुरता निष्क्रिय असतो. पेशींमध्ये शिरून काम करतो तो उरलेला मोकळा भाग. हा मोकळा कॉर्टिसॉलचा रेणू मेदात विरघळणारा असल्यामुळे लाळग्रंथींच्या पेशींच्या आवरणातून सहज पार होतो, आणि लाळ कमी येत असो वा जास्त, तिच्यातील कॉर्टिसॉलच्या संहतीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. रक्तातला बदल लाळेत दिसायला काही मिनिटांचाच अवधी लागतो. लाळेचा मोठा शास्त्रीय लाभ इथेच आहे. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेनमुळे वाहक प्रथिन वाढते आणि रक्तातील एकूण कॉर्टिसॉलचा आकडा फुगतो, पण हा फुगवटा बव्हंशी चिकटलेल्या भागाचा असतो. लाळेतले मापन मोकळ्या, म्हणजे कार्यक्षम, भागापाशी अधिक जवळ राहते.

तरीही लाळ ही रक्ताची तंतोतंत प्रत नाही. लाळग्रंथींमध्ये एक विकर असते, जे कॉर्टिसॉलचे रूपांतर कॉर्टिसोन या निष्क्रिय संयुगात करते. परिणामी लाळेत कॉर्टिसोन कॉर्टिसॉलपेक्षा अधिक आढळते. मोजणीसाठी प्रतिपिंडांवर आधारलेली स्वस्त पद्धत वापरली तर ती प्रतिपिंडे काही प्रमाणात कॉर्टिसोनलाही धरतात आणि आकडा वाढतो. द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमिती यांची सांगड घालणारी महागडी पद्धत दोन्ही रेणू वेगळे ओळखते. म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे धोक्याचे ठरते आणि 'सामान्य' पातळी कोणती, याचे उत्तर पद्धतीगणिक बदलते.

प्रयोगशाळेत घडवलेला ताण

लाळेतील कॉर्टिसॉल मानसिक ताणाने वाढते, हे निर्विवादपणे दाखवायचे तर ताण ठरवून निर्माण करावा लागतो. जर्मनीतील ट्रीअर विद्यापीठातील क्लेमेन्स किर्शबाउम, कार्ल-मार्टिन पिर्के आणि डर्क हेलहॅमर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेली 'ट्रीअर सामाजिक ताण चाचणी' हे त्याचे सर्वाधिक वापरले गेलेले साधन आहे. तिची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. सहभागी व्यक्तीला एका खोलीत नेले जाते, जिथे तीन परीक्षक बसलेले असतात आणि कॅमेरा लावलेला असतो. तिला सांगितले जाते की एका नोकरीसाठी आपणच योग्य आहोत, हे पाच मिनिटे उभे राहून पटवून द्यायचे आहे. तयारीला थोडा वेळ मिळतो, पण काढलेली टिपणे भाषणाच्या वेळी वापरता येत नाहीत. परीक्षक हसत नाहीत, मान डोलावत नाहीत, धीर देत नाहीत. बोलणारा थांबला तर ते शांतपणे वाट पाहतात आणि अजून वेळ शिल्लक असल्याचे सांगतात. भाषण संपताच १०२२ मधून १३ वजा करत जाण्यास सांगितले जाते : १००९, ९९६, ९८३, ९७०. एक चूक झाली की पुन्हा १०२२ पासून सुरुवात. या दहा मिनिटांत कोणतीही शारीरिक इजा होत नाही, तरी बहुसंख्य सहभागींच्या लाळेतील कॉर्टिसॉल मूळ पातळीच्या दुप्पट ते चौपट होते. मात्र हे शिखर चाचणीच्या क्षणी दिसत नाही. ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी येते आणि पातळी मूळ पदावर यायला तास-दीड तास लागतो.

या चाचणीत नेमके काय बोचते, याचे उत्तर सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये २०८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून दिले. कष्ट किंवा बौद्धिक श्रम एवढ्यानेच कॉर्टिसॉल फारसे वाढत नाही; दुसऱ्यांच्या नजरेत आपण कमी ठरू ही भीती आणि परिस्थिती आपल्या हाती नसल्याची जाणीव या दोन गोष्टी एकत्र आल्या, की प्रतिसाद सर्वांत मोठा आणि सर्वांत रेंगाळणारा असतो. माणसाच्या शरीराला सामाजिक अवहेलना किती खोलवर जाणवते, याचा हा जैविक पुरावा आहे आणि लाळेच्या संशोधनाने मानवी स्वभावाच्या ज्ञानात घातलेली ही फार मोलाची भर मानली पाहिजे.

पण याच चाचणीने लाळेच्या मर्यादाही उघड केल्या. काही निरोगी व्यक्तींमध्ये कॉर्टिसॉल जवळजवळ वाढतच नाही. तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांचा प्रतिसाद ओसरतो. पुरुषांमध्ये लाळेतील वाढ सरासरीने स्त्रियांपेक्षा अधिक दिसते, स्त्रियांमध्ये ती मासिक पाळीच्या टप्प्यानुसार बदलते आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ती मंदावते. उपाशीपोटी चाचणी दिली तर प्रतिसाद दबतो, साखरेचे पाणी पिऊन दिली तर उसळतो. सर्वांत विचार करायला लावणारी बाब अशी, की या चाचणीवरील अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या २०१२ मधील एका लेखात, कॉर्टिसॉलची वाढ आणि सहभागींनी स्वतः सांगितलेला ताण यांच्यात अर्थपूर्ण संबंध केवळ एक चतुर्थांश अभ्यासांत आढळला. मन घाबरले पण संप्रेरक हलले नाही, किंवा संप्रेरक वाढले पण मनाला फारसे जाणवले नाही, अशी तफावत नियमित आढळते. तिच्याकडे मापनातील दोष म्हणून पाहण्यापेक्षा अनुभव आणि संप्रेरक हे ताणाचे दोन स्वतंत्र पैलू आहेत, असे समजणे अधिक योग्य ठरते.

दिवसाचा आलेख

प्रयोगशाळेबाहेर कॉर्टिसॉलची पातळी दिवसाच्या घड्याळाने चालते. पहाटेपासून ती चढू लागते, जाग आल्यानंतरच्या ३० ते ४५ मिनिटांत शिखर गाठते, मग दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. सकाळची पातळी रात्रीच्या पातळीच्या कित्येक पट असू शकते. त्यामुळे वेळ न नोंदवता घेतलेल्या एका नमुन्यावरून एखाद्याला ताण आहे किंवा नाही असे म्हणणे निरर्थक आहे. सकाळी आठ वाजताचा निवांत माणूस रात्री नऊ वाजताच्या चिंताग्रस्त माणसापेक्षा अधिक कॉर्टिसॉल दाखवतो.

जाग आल्यानंतरच्या वाढीकडे संशोधकांचे लक्ष १९९० च्या दशकात गेले आणि तिला 'जागृती-प्रतिसाद' म्हणून स्वतंत्र सूचकाचा मान मिळाला. कामाच्या दिवशी ती सुटीच्या दिवसापेक्षा मोठी असते, असे निरनिराळ्या गटांत दिसले. योइची चिदा आणि अँड्र्यू स्टेप्टो यांनी २००९ मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणात नोकरीतील आणि जीवनातील ताणाशी वाढलेला प्रतिसाद, तर थकवा आणि काम करून करून आलेल्या मनाच्या पूर्ण शिणवट्याशी घटलेला प्रतिसाद जोडलेला आढळला. हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत, आणि फरक लहान आहेत. शिवाय ही वाढ खरोखर जागे होण्यामुळे घडते की पहाटेपासून चढत असलेल्या वक्राचाच ती शेवटचा भाग आहे, हा मूलभूत प्रश्न इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी २०२५ मध्ये झोपेतही सतत नमुने घेणाऱ्या तंत्राने पुन्हा उपस्थित केला. जागे झाल्यावर स्रावाचा वेग वाढल्याचे त्यांना आढळले नाही. तीन दशके वापरात असलेल्या सूचकाचा पायाच असा तपासला जाणे, हे या विद्याशाखेच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

दिवसभराच्या उताराला मात्र अधिक भक्कम आधार मिळालेला दिसतो. लंडनमधील सरकारी नोकरांच्या 'व्हाइटहॉल २' या प्रदीर्घ अभ्यासात ज्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉलचा उतार सपाट होता, म्हणजे सकाळ आणि रात्र यांच्या पातळीतील फरक कमी होता, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. एमा अॅडम आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ८० अभ्यास एकत्र करून असाच सपाट उतार नैराश्य, लठ्ठपणा, दाह, कर्करोग अशा बऱ्याच प्रतिकूल स्थितींशी निगडित असल्याचे दाखवले. अर्थात निगडित असणे म्हणजे कारण असणे नव्हे. आजारानेही उतार सपाट होतो आणि बिघडलेल्या झोपेनेही.

रोजच्या ओझ्याचा हिशेब

क्षणिक ताण कॉर्टिसॉल वाढवतो, हे एकदा मान्य झाल्यावर वर्षानुवर्षांचा ताण ते कायमचे वाढवून ठेवत असेल, असा तर्क स्वाभाविक वाटतो. परंतु पुरावा तसा सरळ नाही. ग्रेगरी मिलर, एडिथ चेन आणि एरिक झोऊ यांनी २००७ मध्ये दीर्घकालीन ताणावरील संशोधनाचा विस्तृत धांडोळा घेतला, तेव्हा काळाचे गणित निर्णायक ठरले : ताणाच्या सुरुवातीला कॉर्टिसॉल वाढलेले असते, आणि जसजसा काळ लोटतो तसतसे ते घटत जाऊन कधी सरासरीच्याही खाली जाते. रुमानियातील अनाथालयांत वाढलेल्या, मायेच्या स्पर्शाला पारखी झालेल्या लहान मुलांमध्ये सकाळचे शिखरच हरवलेले आढळले होते. आघातोत्तर ताणविकाराच्या अनेक रुग्णांमध्येही कॉर्टिसॉल कमी आढळते.

ब्रूस मॅकएवन यांनी मांडलेल्या 'अॅलोस्टॅटिक भार' या संकल्पनेने याचा अर्थ लावता येतो. शरीर परिस्थितीशी जुळवून घेण्यासाठी सतत बदलत राहते आणि त्या सततच्या जुळवणीची झीज साचत जाते. अखेर यंत्रणा जास्त चालण्याऐवजी प्रतिसादच देईनाशी होते. याचा परिणाम असा, की लाळेतील कमी कॉर्टिसॉल दोन परस्परविरुद्ध माणसांत आढळू शकते : जो खरोखर निश्चिंत आहे त्याच्यात, आणि जो सोसून सोसून थकला आहे त्याच्यात. व्यक्तीची कहाणी ठाऊक नसेल तर नुसता आकडा या दोघांत फरक करू शकत नाही. लाळेच्या संपूर्ण चर्चेतील हा कळीचा मुद्दा आहे.

अमायलेज आणि इतर सूचक

कॉर्टिसॉल संथ वाटेचे आहे. वेगवान वाटेसाठी संशोधक लाळेतील अमायलेजकडे वळले. पिष्टमय अन्नाचे विघटन करणारे हे विकर लाळग्रंथींतच तयार होते, त्यामुळे ते रक्ताचे प्रतिबिंब नसून ग्रंथीला मिळालेल्या मज्जासंदेशाचे फलित असते. रॉबर्ट चॅटर्टन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लाळेतील अमायलेज आणि रक्तातील नॉरअॅड्रिनॅलिन यांचा संबंध दाखवला, आणि पुढे प्रोप्रॅनोलॉल हे अनुकंपी चेतासंस्थेचा परिणाम रोखणारे औषध दिल्यावर अमायलेजची वाढ दबते, हेही दिसले. ट्रीअर चाचणीत अमायलेज ताण संपतानाच शिखरावर असते आणि काही मिनिटांत खाली येते. त्याचा दिवसाचा आलेखही कॉर्टिसॉलच्या उलट, सकाळी उतरून दिवसभर चढत जाणारा असतो. जपानमध्ये तर पट्टी तोंडात धरून मिनिटभरात अमायलेज दाखवणारे हातात मावणारे यंत्रही बाजारात आले.

तरी अमायलेजला थेट 'ताणाचे माप' म्हणण्यास योस बॉश यांच्यासारख्या संशोधकांनी साधार हरकत घेतली आहे. लाळग्रंथींना अनुकंपी आणि विश्रांतीच्या वेळी प्रभावी असणारी परानुकंपी अशा दोन्ही चेतासंस्थांचे तंतू जातात; परानुकंपी संदेशाने भरपूर आणि पातळ लाळ येते, अनुकंपी संदेशाने प्रथिनांनी दाट. भीतीने तोंडाला कोरड पडते ती मेंदू परानुकंपी संदेश आवरता घेतो म्हणून, आणि अशा वेळी लाळेचे पाणी घटल्यामुळेही विकराची संहती वाढलेली दिसते. लाळ किती वेगाने आली, ती कोणत्या ग्रंथीतून आली, नुकतेच काही चघळले होते का, या सर्वांचा परिणाम होतो. त्यातच माणसामाणसांत अमायलेजच्या जनुकाच्या प्रतींची संख्या वेगवेगळी असते. जॉर्ज पेरी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले, की पिष्टमय आहाराची परंपरा असलेल्या समाजांत या प्रती सरासरीने अधिक असतात. भात-भाकरीवर वाढलेल्या समाजाला दुसऱ्या समाजाचे 'सामान्य' आकडे जसेच्या तसे लावणे त्यामुळे चुकीचे ठरेल.

उरलेल्या सूचकांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. लाळेतील स्रावी इम्युनोग्लोब्युलिन ए हे तोंड आणि श्वसनमार्ग यांच्या अस्तराचे रक्षण करणारे प्रतिपिंड क्षणिक ताणात वाढते, तर प्रदीर्घ ताणात घटते, असा सर्वसाधारण कल आहे. अमेरिकेतील दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांवरील १९८३ मधील गाजलेल्या अभ्यासात अभ्यासक्रमाच्या तणावपूर्ण काळात त्याचा स्राव घटल्याचे दिसले होते. क्रोमोग्रॅनिन ए या प्रथिनावर जपानी संशोधकांनी आशा ठेवली, पण निष्कर्ष एकसारखे आले नाहीत. दाहाशी संबंधित सायटोकाइन नावाचे संदेशवाहक रेणूही लाळेत मोजले जातात, परंतु त्यांचा मोठा भाग तोंडातच तयार होत असल्याने हिरड्यांचा आजार असेल तर मनाची गोष्ट हिरड्या सांगू लागतात.

नमुना : साधा दिसणारा, सांभाळायला अवघड

लाळ गोळा करण्याची सर्वांत विश्वासार्ह रीत म्हणजे मान किंचित खाली घालून, न थुंकता, तोंडात साठलेली लाळ लहान नळीवाटे कुपीत ओघळू देणे. दुसऱ्या रीतीत बोळा एक-दोन मिनिटे तोंडात धरून तो नळीत परत ठेवतात आणि वेगाने फिरणाऱ्या अपकेंद्री यंत्रात फिरवून लाळ वेगळी करतात. कापसाचा बोळा टेस्टोस्टेरॉनसारख्या काही संप्रेरकांच्या मोजणीत गोंधळ घालतो, म्हणून कृत्रिम धाग्याचे बोळे आले. लाळ सुटावी म्हणून आंबट पदार्थ दिला तर नमुन्याची आम्लता वाढून चाचणीचा आकडा बदलतो. नमुना गोठवून ठेवतात; वितळवल्यावर अपकेंद्री यंत्रात चिकट प्रथिनांचा साका तळाशी बसतो आणि वरचा निवळ भाग मोजणीला घेतात. नमुन्यापूर्वी खाणे, पिणे, धूम्रपान आणि दात घासणे टाळावे लागते, कारण हिरडीतून आलेल्या रक्ताच्या अंशानेही मोजमाप बिघडू शकते.

याहून मोठी अडचण वेळेची आहे. जागृती-प्रतिसाद मोजताना जाग आल्याक्षणी पहिला नमुना घ्यायचा असतो. झाकण उघडल्याची वेळ गुपचूप नोंदवणाऱ्या बाटल्या देऊन केलेल्या अभ्यासांत असे दिसले, की बरेच सहभागी नमुना उशिरा घेतात आणि कागदावर मात्र ठरलेली वेळ लिहितात. दहा-पंधरा मिनिटांच्या उशिरानेही शिखराचा आकार बदलतो. म्हणून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या एकमताच्या मार्गदर्शक सूचनांनी वेळेची वस्तुनिष्ठ पडताळणी आणि एकाहून अधिक दिवस नमुने घेणे यांवर भर दिला.

भारतीय परिस्थितीत या यादीत आणखी भर पडते. घसा बसला की चघळले जाणारे ज्येष्ठमध हे लाळेच्या दृष्टीने निरुपद्रवी नाही : त्यातील ग्लायसिरायझिन हे द्रव्य कॉर्टिसॉलचे कॉर्टिसोन करणाऱ्या विकराला रोखते आणि लाळेतील कॉर्टिसॉल खोटेच वाढलेले दिसते. पाश्चात्त्य देशांतील चघळण्याच्या तंबाखूतही हे द्रव्य मिसळलेले असते, म्हणून तेथील वैद्यकीय सूचनांत अशा व्यक्तींच्या अहवालाबाबत सावध केले जाते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात. त्यातील निकोटीन, चुना आणि त्यामुळे दुखावलेल्या हिरड्या यांचा विचार न करता इथल्या लाळेचे आकडे वाचता येणार नाहीत. काळजीपूर्वक काम इथेही होऊ शकते, हे म्हैसूरमधील संशोधकांनी दाखवून दिले आहे. जन्मापासून पाठपुरावा होत असलेल्या तेथील मुलांच्या गटावर किशोरवयात ट्रीअर चाचणीचे मुलांसाठीचे रूप वापरून भारतीय किशोरांच्या लाळेतील कॉर्टिसॉलही अपेक्षेप्रमाणे वाढते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी मुलुखात योग, प्राणायाम किंवा स्पर्धा परीक्षा यांच्या परिणामांचे दावे लाळेच्या आधाराने करायचे असतील, तर तुलनेचा गट, पुरेशी संख्या आणि वेळेची शिस्त या किमान अटी पाळल्या गेल्याच पाहिजेत.

निदान आणि निवाडा

लाळेतील कॉर्टिसॉलला एक वैद्यकीय उपयोग निश्चितपणे मिळालेला आहे. कॉर्टिसॉलचे उत्पादन आजारामुळे अनियंत्रित होणाऱ्या कुशिंग विकारात रात्रीचा तळ नाहीसा होतो. म्हणून अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २००८ मधील मार्गदर्शक सूचनांनी उशिरा रात्री घेतलेल्या किमान दोन लाळनमुन्यांना प्राथमिक चाचण्यांत स्थान दिले. रात्रपाळी करणाऱ्यांना ही चाचणी लागू पडत नाही, कारण त्यांचे शरीराचे घड्याळच वेगळे असते. इथे प्रश्न शारीरिक आजाराचा आहे आणि उत्तर ठरावीक मर्यादेच्या आत किंवा बाहेर असे देता येते. मानसिक ताणासाठी अशी सर्वमान्य मर्यादा अस्तित्वात नाही. घरपोच मिळणाऱ्या संचांवर एका नमुन्यावरून 'तुमचा ताण' सांगण्याचा दावा केला जातो, तेव्हा ग्राहकाला विकली जाते ती शास्त्राने कधीही न दिलेली खात्री.

लाळेवरून माणसाच्या मनाचा निवाडा करण्याचा मोह फार जुना आहे. भारतीय धर्मशास्त्रांत सांगितलेल्या दिव्यांमध्ये 'तंडुल' नावाचे दिव्य होते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या बृहद् इतिहासात दिव्यांची साक्षेपी मांडणी केली आहे. चोरीचा संशय असलेल्याला देवतेच्या स्नानाच्या पाण्यात रात्रभर ठेवलेले तांदूळ चावून पिंपळाच्या किंवा भूर्जाच्या पानावर थुंकायला सांगत. त्यात रक्त दिसले, टाळू सुकला किंवा अंग कापू लागले, तर तो दोषी धरला जाई. भीतीने तोंड कोरडे पडते हे त्यामागचे निरीक्षण अचूक होते, पण निरपराध माणसालाही भीती वाटते, याचा विचार त्या निवाड्यात नव्हता. आजच्या यंत्रांची अचूकता वाढली असली तरी अनुमानातील ही उणीव तशीच राहू शकते. उद्या एखादी कंपनी कर्मचाऱ्यांची किंवा एखादी संस्था उमेदवारांची लाळ तपासून त्यांना 'ताण न झेपणारे' ठरवू लागली, तर तो शास्त्राचा गैरवापर असेल. कारण उसळलेले कॉर्टिसॉल हा बहुधा निरोगी शरीराचा योग्य प्रतिसाद असतो आणि ताणाचे मूळ त्या माणसात नसून त्याच्यावर लादलेल्या परिस्थितीत असू शकते.

आढाव्याचा निष्कर्ष

चार दशकांच्या संशोधनातून काही गोष्टी ठामपणे सांगता येतात. लाळेतील कॉर्टिसॉल हे रक्तातील मोकळ्या कॉर्टिसॉलचे विश्वसनीय माप आहे. नियंत्रित परिस्थितीत, योग्य वेळी आणि अनेक नमुने घेऊन ते क्षणिक मानसिक ताणाला मिळालेला शारीरिक प्रतिसाद स्पष्ट दाखवते. मोठ्या लोकसमूहांत त्याचा दिवसाचा आलेख आरोग्याविषयी अर्थपूर्ण संकेत देतो. अमायलेज त्याला वेगवान पण अधिक गुंतागुंतीची जोड देते. याउलट, एका व्यक्तीच्या मनावरचे दीर्घकालीन ओझे एका किंवा काही नमुन्यांवरून ठरवण्याइतका पुरावा आजवर उपलब्ध नाही, आणि कमी पातळीचे दोन उलट अर्थ होत असल्यामुळे नुसती उपकरणे सुधारून ही अडचण दूर होणारी नाही. महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढणाऱ्या केसांतील कॉर्टिसॉल मोजून गेल्या काही महिन्यांची बेरीज काढण्याचे तंत्र लाळेला पूरक ठरू लागले आहे. तेही प्रमाण सांगते, कारण सांगत नाही.

पुढचा मार्ग म्हणूनच लाळेला माणसाच्या सांगण्याची जोड देण्याचा आहे : आलेख, झोप, आहार, औषधे, कामाच्या वेळा आणि व्यक्तीचे स्वतःचे निवेदन ही सर्व माहिती एकत्र वाचली गेली, तरच जैवसूचक उपयोगी पडतो. तो ज्यांना बोलता येत नाही अशा तान्ह्या मुलांच्या, किंवा ज्यांचे बोलणे कोणी मनावर घेत नाही अशा कष्टकऱ्यांच्या समूहांच्या बाजूने साक्ष देऊ शकतो, आणि ही त्याची फार मोठी सामाजिक उपयुक्तता आहे. मात्र जो माणूस आपल्या तोंडाने ताण सांगतो आहे, त्याच्या म्हणण्याला लाळेच्या अहवालाची मंजुरी लागता कामा नये. आकडा सामान्य आला म्हणून त्याला उपचार, रजा किंवा आधार नाकारण्याचा अधिकार या शास्त्राने कोणालाही दिलेला नाही.